इराणमध्ये कविता लिहिली म्हणून खरंच तुरुंगवास होतो का?

हो, होतो. इराणी कवयित्री फातेमे एख्तेसारीचं उदाहरण घ्या. शिक्षणाने ती सुईण, त्यामुळे गर्भपात, बाळंतपण, बाईच्या शरीरावर चालणारी सत्ता हे सगळं तिच्या गझलेत थेट येतं. (माधव जूलियनांनी फारसीतून मराठीत आणली, तीच ही गझल. फातेमेच्या पिढीने तिला आधुनिकोत्तर वळण दिलं.)

इराणमध्ये कुठलंही पुस्तक छापण्याआधी सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते. ओळी, शब्द तिथेच गळतात. कवीला पुस्तक हवं असेल तर त्या कात्रीपुढे मान तुकवावी लागते. मला तुरुंगापेक्षाही हे जास्त छळतं, कारण अशी गळालेली ओळ वाचकाला कधी कळतच नाही.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये फातेमेला अटक झाली, तेहरानच्या एव्हिन तुरुंगात एकांत कोठडीत ठेवलं. २०१५ मध्ये शिक्षा सुनावली: साडेअकरा वर्षं कैद आणि ९९ फटके. फटके कशासाठी, तर परपुरुषाशी हस्तांदोलन केलं म्हणून! सोबतचे कवी मेहदी मुसावी यांना नऊ वर्षं आणि तितकेच फटके. शिक्षा अमलात येण्याआधी दोघंही देशाबाहेर निसटले. पुढे फातेमेला नॉर्वेत आश्रय मिळाला. ती अजूनही फारसीतच लिहिते.