एडिसन ते रिचमंड नेहमीचा प्रवास आहे, रडार डिटेक्टर कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या एडिसनहून दर महिन्याला गाडीने व्हर्जिनियातल्या रिचमंडला जाणं असतं, मध्ये मेरीलंडला एक तिकीट बसलं, म्हणून आता डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल देणारं यंत्र, घ्यायचाय. यंत्राचं सांगतोच, पण तुमच्या रस्त्यावर आधी व्हर्जिनियाचं बघावं लागेल.

खासगी गाडीत डिटेक्टर वापरायला न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलंडमध्ये मनाई नाही. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये आहे. खासगी गाड्यांना अशी बंदी घालणारं व्हर्जिनिया हे एकच राज्य, आणि तुमचं जाणं नेमकं तिथेच! तिथे तो चालू असायचीही गरज नाही, काचेला नुसता लटकत असला तरी दंड. वायर काढलेली हवी आणि डिटेक्टर गाडीतल्या कुणाच्याही हाताला लागणार नाही अशा जागी हवा, म्हणजे सरळ डिकीत. ग्लव्ह बॉक्स त्यात बसत नाही. आय-95 हायवेने जाताना मेरीलंडमधलं लॉरेलजवळचं वेलकम सेंटर आलं की तिथेच थांबून काढून टाका. व्हर्जिनियात शिरताना पोटोमॅक नदीच्या पुलावर एका हाताने वायर ओढत बसायचं काम नको.

पुढे तर जास्तच जपा. व्हर्जिनियात ताशी 85 मैलांच्या वर गेलात किंवा लिमिटपेक्षा 20 मैल जास्त असलात, की ते साधं तिकीट राहत नाही. रेकलेस ड्रायव्हिंग (बेदरकार गाडी चालवणं) हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, कायद्यात 12 महिन्यांपर्यंत कैद आणि 2500 डॉलरपर्यंत दंड. व्हिसावर असाल तर वकील गाठावाच लागतो.

आता यंत्र. डिटेक्टर म्हणजे फक्त रिसीव्हर, स्वतः रडारचा झोत सोडत नाही. (सिग्नल बिघडवणारा रडार जॅमर ही वेगळी वस्तू, ती अख्ख्या अमेरिकेत बेकायदा आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.) पोलिसांची रडार मुख्यतः फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांत (बँडमध्ये) चालतात: के, म्हणजे 24 गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि केए, 33.4 ते 36. तिसरा एक्स बँड आता क्वचितच.

खरी डोकेदुखी के बँडची. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यावर, आणि शेजारच्या गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही (आरशात न दिसणारी गाडी बाजूला आली की सांगणारे) त्यावर. रूट 1 वर मॉलच्या रांगेतून जाताना स्वस्तातला डिटेक्टर एवढा कोकलतो की माणूस वैतागून तो बंदच करतो, मग पैसे गेले पाण्यात. सिग्नल नीट बघितला की फरक कळतो. दुकानाचा दरवाजा रोज त्याच वळणावर वाजतो. शेजारच्या एसयूव्हीचा सिग्नल तिच्याबरोबर चालत राहतो, ती मागे पडली की जातो. केएवर मात्र खोटं फार कमी येतं. 33.8, 34.7 किंवा 35.5 च्या आसपास आकडा दिसला की पाय ब्रेककडे.

तरी एक प्रकार कोणालाच चुकत नाही. मामा रडार गन हातात धरून गप्प बसलेले असतात, गाडी टप्प्यात आली की एकदम ट्रिगर दाबतात. तुमच्यावर दाबला तर डिटेक्टर वाजेपर्यंत आकडा त्यांच्याकडे पोचलेला असतो. पुढच्या गाडीवर दाबला तर त्या एका क्षणाची किरकोळ पिप तुम्हाला मिळते. म्हणून रात्री रिकाम्या रस्त्यावर एकट्याने पळवताना डिटेक्टरचा भरवसा सगळ्यात कमी, पुढे अर्ध्या मैलावर कुणी जोरात चाललेलं असलं तर सगळ्यात जास्त. लेझर गनचा झोत तर इतका अरुंद की डिटेक्टर वाजला म्हणजे बहुधा वेग मोजून झाला. आणि वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी फोनवर वेझ हे ॲप चालू ठेवा. तुमचं मेरीलंडचं तिकीट रस्त्याच्या कामाजवळ घरी पोस्टाने आलेलं असेल तर ते कॅमेऱ्याचं, त्याला डिटेक्टरचा भरवसा धरू नका.

शंभर डॉलरवाले घेऊ नका. माझ्या मते जीपीएस हवाच, म्हणजे रोजच्या रस्त्यावरचे ते दरवाजे यंत्र लक्षात ठेवून गप्प बसतं. युनिडेन आर3 मध्ये जीपीएस आहे आणि महिन्यातून एकदाच्या प्रवासाला तो पुरे. सिग्नल पुढून येतोय की मागून, हे बाणाने दाखवणारे व्हॅलेंटाइन वन (यात स्वतःचं जीपीएस नाही, ते फोनच्या ॲपमधून घ्यावं लागतं) किंवा युनिडेन आर8 महाग आहेत, पण हायवेवर बाणाची सवय लागली की सुटत नाही. मागे गेलेल्या पोलिसासाठी उगाच दोन मैल रेंगाळावं लागत नाही.

लावायचा आरशाच्या बाजूला उंच, पुढची काच मोकळी दिसेल असा. डॅशबोर्डवर ठेवला तर वायपरच्या आड येतो. सेटिंगमध्ये ब्लाइंड स्पॉट फिल्टर चालू करा, के बँडचा आवाज कमी ठेवा. केएला हात लावू नका.