कुटुंबासाठी वापरलेली एसयूव्ही: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: आम्ही धायरीला राहतो. घरात पती, मी, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि सासूबाई असे पाच जण आहोत. सासूबाईंना गुडघेदुखीचा त्रास आहे. पती आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जातात आणि वर्षातून दोनदा आम्ही सगळे गुहागरला जातो. बारा लाखांच्या आतल्या दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २०२० सालची डिझेल हॅरियर, ६२ हजार किलोमीटर चाललेली, आणि दुसरी २०२१ सालची पेट्रोल ऑटोमॅटिक क्रेटा, ४१ हजार किलोमीटर चाललेली. दोन्ही सिंगल ओनर आहेत. पतींचा कल हॅरियरकडे आहे, माझा क्रेटाकडे. कोणती घ्यावी?
(एक वाचिका, धायरी)

उत्तर: आपण गाडीच्या माहितीबरोबर घरातल्या माणसांची माहिती दिलीत हे फार चांगले केलेत, कारण या निर्णयात तीच जास्त महत्त्वाची आहे. आधी वापराचा हिशेब करू. हिंजवडीच्या तीन दिवसांच्या फेऱ्या, गुहागरच्या दोन खेपा आणि गावातली किरकोळ कामे धरली तरी आपली गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या फार पुढे जाणार नाही. एवढ्या वापरासाठी डिझेलची गरज नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला गॅरेजमध्ये डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी मधूनमधून काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. नवले पूल ते वाकड हा बायपासचा पट्टा गर्दीच्या वेळी कसा सरकतो हे आपल्या पतींना सांगायला नको. फक्त अशाच रस्त्यावर चाललेल्या डिझेल गाडीचा फिल्टर तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च डिझेलवरच्या काही वर्षांच्या बचतीवर पाणी फिरवू शकतो. ज्यांचे महिन्यातून दोन-चार वेळा कोल्हापूर किंवा नाशिकला जाणे होते त्यांना मी डिझेल सुचवतो. आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट मापांची. हॅरियरची लांबी ४,५९८ मिलिमीटर आणि रुंदी १,८९४ मिलिमीटर आहे, तर त्या काळातल्या क्रेटाची लांबी ४,३०० आणि रुंदी १,७९० आहे. रुंदीतला हा दहा सेंटिमीटरचा फरक रस्त्यावर जाणवत नाही, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये गाडी लावून वयस्कर माणसाला उतरवायचे असते तेव्हा दार किती उघडते यावर सगळे अवलंबून असते. टेप घेऊन आपली पार्किंगची जागा आधी मोजावी. गाडी पाहायला जाताना सासूबाईंना बरोबर न्यावे आणि मागच्या दाराने त्यांना स्वतःहून दोन-तीन वेळा चढू-उतरू द्यावे. बसण्याची जागा मांडीपेक्षा खूप उंच असेल तर चढताना गुडघ्यावर भार येतो, आणि खूप खाली असेल तर उठताना येतो. पायरी बसवून घेता येते हे खरे, पण काही पायऱ्या इतक्या अरुंद असतात की त्यांच्यावरून पाय घसरण्याचीच भीती असते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि इथे जाहिराती वाचून बराच गैरसमज होतो. हॅरियरला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले ते २०२३ मध्ये, आणि ते त्या वर्षी आलेल्या सुधारित गाडीला मिळाले. २०२० ची गाडी त्या ताऱ्यांवर हक्क सांगू शकत नाही. क्रेटाची चाचणी २०२२ मध्ये झाली, दोन एअरबॅग असलेल्या गाडीवर झाली आणि तिला तीन तारे मिळाले. म्हणजे ताऱ्यांच्या जोरावर या दोहोंमध्ये निवड करता येत नाही. ज्या दोन गाड्या आपल्यासमोर उभ्या आहेत त्यांत एअरबॅग किती आहेत, आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट पक्की बसवण्याचे, अडकवण कुठे आहे आणि मागच्या मधल्या जागेचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की नुसता कमरेचा, हे प्रत्यक्ष पाहावे. आपल्याकडे मागे तिघे बसणार आहेत, त्यामुळे मधल्या जागेचा पट्टा ही बारीकसारीक बाब नाही. चार वर्षांच्या मुलासाठी चाइल्ड सीट घ्यावी लागेल. ती बसवल्यावर उरलेल्या जागेत मोठे मूल आणि आजी नीट मावतात का, हे तिथेच बसून पाहावे.

माझा कौल क्रेटाला आहे, पण ती विशिष्ट गाडी तपासणीत उतरली तरच. एकाच वर्षी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांमध्ये पाच वर्षांनी जमीन-अस्मानाचा फरक पडलेला असतो. गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये असे मालकाला आदल्या दिवशीच सांगावे, कारण इंजिनाचे खरे आवाज ते थंड असतानाच ऐकू येतात. आपण पोहोचण्याआधीच बोनेट गरम लागत असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. चालवून पाहण्यासाठी कात्रजचा जुना घाट आपल्याला जवळ आहे. चढावर ऑटोमॅटिक गिअर धक्के देतो का, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकतो का, आणि उतारावर ब्रेक लावल्यावर स्टीअरिंग थरथरते का, हे तिथे कळते. परत येताना सिग्नलच्या गर्दीतूनही गाडी आणावी.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तो मागे करणे अवघड नाही. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मालकाकडून मागून घ्याव्यात आणि प्रत्येक सर्व्हिसच्या तारखेसमोरचे किलोमीटर चढत्या क्रमाने येतात का ते पाहावे. त्याच्या जोडीला टायर पाहावेत. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २५२१ असेल तर तो टायर २०२१ च्या पंचविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. ४१ हजार चाललेल्या गाडीचे चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर मीटरविषयी स्पष्ट विचारणा करावी. ब्रेकच्या पायाखालचे रबर आणि चालकाच्या आसनाची उजवी कड किती झिजली आहे, यावरूनही बरेच उमगते.

किंमत ठरवताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या नव्या गाड्यांवरचा कर कमी झाला. आधी जीएसटी आणि उपकर मिळून तो ४५ ते ५० टक्के होता, आता ४० टक्के आहे. मालक त्याने स्वतः गाडी घेतली तेव्हाच्या बिलावरून आकडा सांगत असेल, तर बोलणी त्या बिलापासून सुरू न करता त्याच प्रकारच्या नव्या गाडीच्या आजच्या ऑन-रोड किमतीपासून सुरू करावीत. आणि विक्रेता डीलर असेल तर जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी त्याच्या नफ्यावर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो. पूर्ण रकमेवर तो लावून दाखवणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

प्रश्न: सिंहगड रस्त्यावर आमच्याच परिसरातली एक एसयूव्ही विकायला आहे आणि किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी आहे. गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल का, अशी शंका येते. कशी ओळखावी?
(एक वाचक, आनंदनगर)

उत्तर: आपली शंका रास्त आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत शिरलेले पाणी आपल्याला आठवत असेलच. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून, आसनांना नवे कव्हर घालून इतकी चकचकीत करता येते की वरवर पाहून काहीही कळत नाही. म्हणून जिथे धुणाऱ्याचा हात पोहोचत नाही तिथे पाहावे.

सगळ्यांत आधी सीटबेल्ट. पट्टा नेहमीसारखा छातीपर्यंत न ओढता, सावकाश, अगदी शेवटपर्यंत बाहेर काढावा आणि गुंडाळीत राहणारा भाग उजेडात धरावा. गढूळ पाणी तिथवर चढले असेल तर पट्ट्यावर आडवी, चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ दिसते, विणीत बारीक गाळ अडकलेला असतो आणि नाकाजवळ नेल्यास ओलसर कुबट वास येतो. चारही पट्टे असेच पाहावेत. समोरचे बदललेले आणि मागचे तसेच राहिलेले, असेही आढळते. नंतर पुढचे आसन पूर्ण मागे सरकवून खालचे बोल्ट आणि रूळ टॉर्चने पाहावेत, तिथे गंज असण्याचे दुसरे फारसे कारण नसते. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खोबणीच्या कोपऱ्यांत बोट फिरवावे. गालिचा एका कडेने उचलून खालचा फोम दाबावा.

यातले एक जरी चिन्ह दिसले तरी सौदा सोडून द्यावा, किंमत कितीही खाली आली तरी. आजच्या एसयूव्हीमध्ये आसनांखालून आणि गालिच्याखालून तारांचे जाळे गेलेले असते. पाण्याने त्यांचे जोड लगेच निकामी होत नाहीत, ते महिन्यामहिन्यांनी गंजत जातात, आणि बिघाड कुठे आहे हे कुशल मेकॅनिकलाही पटकन सापडत नाही. एअरबॅगची जोडणीही त्यातच असते. अपघाताच्या क्षणी ती उघडेल की नाही याची खात्री नसलेल्या गाडीत घरच्या माणसांना बसवू नये. मालकाच्या विमा कंपनीकडे त्या सुमारास दावा झाला होता का, हेही त्याला सरळ विचारावे आणि पॉलिसीच्या मागच्या वर्षांच्या प्रती पाहाव्यात. नूतनीकरणात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, अचानक शून्यावर आलेला दिसला तर त्याचे कारण मागावे.

प्रश्न: चिंचवडच्या एका एजंटकडून मी गाडी ठरवली आहे. आरसी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहे आणि तिच्यावर बँकेचा बोजा दिसतो. एजंट म्हणतो, पूर्ण पैसे द्या, गाडी घेऊन जा, फॉर्मवर मालकाच्या सह्या आहेत, नाव नंतर सावकाश करू. हे ठीक आहे का?
(एक वाचक, निगडी)

उत्तर: अजिबात नाही. कर्ज फिटल्याचे बँकेचे ना-हरकत पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनपेक्षा जास्त रक्कम देऊ नये. कर्ज थोडेच बाकी असेल तर मालकासह बँकेत जावे, आपली रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि पावती आपल्याकडे ठेवावी.

कोऱ्या सह्यांवर गाडी हातोहात फिरवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि ती सगळ्यांनाच अडचणीत आणते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्री १४ दिवसांत कळवायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. हा निकाल त्या पहिल्या मालकाला दाखवावा. स्वतःच्या हिताचे काय हे कळले की तोच आरटीओत हजर राहायला तयार होईल.

खरेदीदार म्हणून आपला धोका विम्याचा आहे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो केला नाही आणि गाडीचे नुकसान झाले, तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारला जाऊ शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, हे गृहीत धरून हप्त्याची रक्कम आधीच विचारून घ्यावी. फास्टॅग मालकाने बंद केला पाहिजे आणि आपण नवा घेतला पाहिजे. थकीत ई-चलने ऑनलाइन पाहून ती व्यवहाराआधी मालकाकडूनच भरून घ्यावीत. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे याची खात्री करावी, नाही तर आरटीओतले काम तिथेच अडते.

प्रश्न: दिल्ली पासिंगच्या डिझेल एसयूव्ही पुण्यात फार स्वस्त मिळतात. घ्याव्यात का?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर: दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात तसा नियम नाही, त्यामुळे घेणे बेकायदा नाही. परंतु तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणावे लागते, बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण व हरित कर येतो. एमएच-१२ किंवा एमएच-१४ च्या, म्हणजे पुणे किंवा पिंपरी-चिंचवडच्या, गाडीला यातला फॉर्म २८ आणि दुसऱ्यांदा भरायचा कर लागत नाही. हा खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावे. त्यापुढे, दोन-तीन एजंटांच्या हातून आलेल्या या गाड्यांचा मूळ मालक भेटत नाही आणि सर्व्हिसच्या नोंदी क्वचितच पूर्ण मिळतात, म्हणून कुटुंबासाठीच्या गाडीचा विचार असेल तर मी पुण्यातलीच, मालकाशी समोरासमोर बोलता येईल अशी गाडी घ्यायला सांगेन.