शहरी फँटसीचे इतके वेगवेगळे प्रकार लिहिणाऱ्या लेखकाचा दिवस कसा असतो?

शहरी फँटसी म्हणजे आजच्या शहरात भुताखेतांना आणणाऱ्या गोष्टी; मी त्या लिहिते. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: दिवस कसा जातो, आणि भयकथा, विनोदी कथा, तपासकथा हे सगळं एकाच डोक्यातून कसं निघतं. पहिलीचं उत्तर फार कंटाळवाणं आहे, ते आधी उरकते.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि ऐरोलीला एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. पहाटे पाच ते पावणेसात लिहायचं, कारण पावणेसातला पाणी येतं आणि मग भुतंखेतं बाजूला ठेवून पिंपं भरावी लागतात. डबा, आंघोळ, ट्रान्सहार्बर लोकल. गाडी ठाण्याहूनच सुटते म्हणून बसायला मिळतं; पण दहाबारा मिनिटांत मोबाइलवर जेमतेम एखादा संवाद टिपून होतो. (मधे दिघा गाव स्टेशन झालं, त्याने अजून एक वाक्य वाढलं.) संध्याकाळी भाजी, आईची औषधं, तलावपाळीला एक फेरी. रात्री लिहीत नाही, झोप येते. उन्हाळा संपला की दिवाळी अंकांचे फोन सुरू होतात, "यंदा जरा हलकंफुलकं द्या" नाहीतर "यंदा घाबरवा". मानधनाचं म्हणाल तर त्यात वर्षाचं वीजबिलही निघत नाही.

आता दुसरी गोष्ट.

सुरुवातीला मी बाहेरची पुस्तकं वाचून लिहायचे, त्यामुळे माझी भुतंही तशीच वागायची: क्लबात जायची, गाड्या चालवायची. एका कथेत मी साती आसरांना, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांना, टॉवरच्या लिफ्टमध्ये आणलं होतं. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी कोळीवाड्यातल्या. कोलंबी मोजताना त्यांना ती गोष्ट सांगितली. त्या हात थांबवून म्हणाल्या, "अगो बाय, त्या पाणी सोडून कुठं जाणार?"

खरंच की. आपल्याकडे आसरा म्हणजे पाण्याकाठचे शेंदूर लावलेले सात दगड, मुंजा म्हणजे पिंपळ, वेताळ म्हणजे गावाची वेस. जो तो आपली जागा धरून असतो. हलतं ते शहर. तळं बुजतं, वेशीवरून उड्डाणपूल जातो, पण वेताळाला कुणी कळवत नाही की वेस आता पुढे सरकली. त्या दिवसापासून मी भुताला हलवणं बंद केलं. कथेचा प्रकार ठरवते ती तिथून जाणारी व्यक्ती.

चकव्याचंच घ्या. रात्री माणसाला वाट चुकवून पुन्हापुन्हा त्याच जागी आणणारा, उजाडलं की सोडणारा. मी तो ठाण्यातल्या माजिवड्याच्या पुलांखाली बसवला. तिथे तसाही निम्म्या लोकांना चकवा लागलेला असतो. मग त्याच्या तीन कथा लिहिल्या. पहिलीत रिक्षावाला आणि भाडं, मीटर पळतोय, दोघंही एकमेकांना चोर समजताहेत. ती विनोदी झाली. दुसरीत रात्रपाळीहून परतणारी मुलगी, मोबाइलची बॅटरी तीन टक्के, आणि तिसऱ्यांदा तीच बंद टपरी. ती लिहिताना मलाच दिवा लावून बसावं लागलं. तिसरीत वाहतूक पोलीस, ज्याच्या कॅमेऱ्यात एकच पांढरी गाडी रात्रभरात सात वेळा गेलेली दिसते आणि सकाळी चालक म्हणतो, मी एकदाच गेलो. तिन्ही कथांत चकव्याने काडीचंही वेगळं केलेलं नाही.

कधीकधी मात्र शहरच सगळं हातात आणून देतं. ठाण्यापुढचा पारसिकचा रेल्वे बोगदा 1916 सालचा, लांबी सव्वा किलोमीटरहून जास्त. डोंबिवली-कल्याणच्या लोकांच्या पिढ्या फास्ट लोकलने त्यातून गेल्या. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि फास्ट लोकल बाहेरून जायला लागल्या. बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला. मला लगेच आतल्या रहिवाशाची काळजी वाटली. शंभरेक वर्षं रोज तेच चेहरे, दाराला लटकणारे, भजनी मंडळवाले, आणि एका सकाळपासून कुणीच नाही. त्याला काही कुणाला घाबरवायचं नव्हतं, नुसती सवय होती. ती कथा भयकथा म्हणून मागितली होती, संपादकांना दुःखी मिळाली. त्यांनी छापली, पण पुढच्या वर्षी फोन नाही आला.

सध्या पहाटे मुंज्यावर काम चाललंय. एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास, आवारात पिंपळ, पिंपळावर आठ वर्षांचा मुलगा, मुंज झालेला पण सोडमुंजीआधी (मुंजीनंतरचं ब्रह्मचर्य संपवणारा विधी) गेलेला. मी ती धमाल करायला घेतली होती: बिल्डरचा माणूस येतो, रहिवाशांची यादी करतो, मुंजा विचारतो मला किती चौरस फूट. वीस पानं मजेत झाली. मग आईला वाचून दाखवली. ती चष्मा पुसत म्हणाली, "शंभर वर्षांत त्या पोराची सोडमुंज लावून द्यायचं कुणालाच सुचलं नाही का गं?"

झालं. आता कथेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भटजी शोधताहेत. पण सोडमुंज लागली की मुलगा सुटणार, आणि त्याच्या भीतीने ज्या झाडाला कुणी हात लावत नव्हतं ते तोडायला बिल्डर मोकळा. आजींना हे ठाऊक आहे. काल पावणेसातला पाणी आलं तेव्हा त्या भटजींचा नंबर हातात धरून नुसत्याच बसल्या होत्या.