नरक्याच्या अर्कावर काम करायचं असेल तर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

नरक्या या झाडाचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासायचा, पीएचडीसाठी हाच विषय घ्यायचा म्हणतेस. घे, पण त्यात नवं काय शोधणार ते आधी ठरव. कॅम्प्टोथेसिन हा कर्करोगाच्या पेशी मारणारा रेणू वॉल आणि वाणी यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळा केला (त्यातले मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे). नरक्यातही तो आहे, हे १९७२ पासून ठाऊक आहे. त्यावरून घडवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगाची औषधं अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाली. तेव्हा ‘अर्काने पेशी मेल्या’ एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही.

मुळं उपटू नकोस. चोरट्या तोडीने सह्याद्रीतला नरक्या आधीच विरळ झालाय. वन खात्याची परवानगी काढून पानं आणि बारीक फांद्या घे, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमा करून क्रमांक घे. माल सावलीत वाळव. सुरुवातीला १० ग्रॅम चूर्णाला १०० मिली मेथॅनॉल पुरे. मेथॅनॉल उडवताना रोटरी इव्हॅपोरेटरच्या बाथचं तापमान ४० अंशांच्या पुढे नेऊ नकोस.

पुढे बहुतेक जण फसतात. अल्कलॉइड (वनस्पतीतला, सहसा अल्कधर्मी, नायट्रोजनयुक्त रेणू) म्हटलं की हात आम्ल-अल्कलीच्या ठरलेल्या पद्धतीकडे जातो. कॅम्प्टोथेसिन मात्र जवळजवळ उदासीन आहे. अल्कली घातलीस की त्यातली लॅक्टोन रिंग (औषधाला लागणारं रेणूतलं कडं) उघडते, त्याचा क्षार पाण्यात उतरतो आणि क्लोरोफॉर्ममध्ये हाती काही लागत नाही. तो पाण्याचा थर ओतून देऊ नकोस. आम्लयुक्त करून पुन्हा क्लोरोफॉर्मने हलव. रिंग मिटते आणि रेणू परत येतो. अल्कलॉइड ओळखायच्या ड्रॅगेनडॉर्फ चाचणीच्या भरवशावर राहू नकोस, टीएलसी प्लेट (घटक वेगळे करणारी पातळ थराची पट्टी) ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाखाली धर: निळा झगझगीत ठिपका दिसेल. शेजारी प्रमाणित नमुना हवाच.

हीच रिंग ७.४ पीएचच्या माध्यमातही उघडते आणि औषध निकामी होतं. म्हणून अर्काचा दाट साठा (स्टॉक) डीएमएसओ या द्रावकात उणे २० अंशांवर ठेव, पातळ करणं अगदी शेवटी. वेलमध्ये (पेशी वाढवायच्या प्लेटवरच्या खळग्यात) डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत, आणि तेवढाच बिनअर्काच्या कंट्रोललाही.

एमटीटी चाचणीसाठी (यात जिवंत पेशी एमटीटी हे पिवळं रसायन जांभळं करतात) वेलमागे ५००० पेशी, चिकटायला २४ तास, मग अर्क ७२ तास. चोवीस तासांत आटोपलंस तर चांगला अर्कही नापास होईल, कारण हा रेणू मुख्यतः डीएनएची प्रत काढणाऱ्या पेशींनाच मारतो. कडेच्या वेल्समध्ये नुसतं बफर भर, तिथलं पाणी उडतं. अर्कातली पॉलिफेनॉल्स पेशींशिवायच एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून बिनपेशींचा, अर्क घातलेला वेल प्रत्येक प्लेटवर हवा. कर्करोगाच्या पेशींसोबत निरोगी पेशींची एक सेल लाइनही लाव. दोन्हीकडे आयसी-५० (परिणाम निम्म्यावर आणणारी मात्रा) सारखाच आला तर ते नुसतं विष.

कच्च्या अर्काचा आयसी-५० मिलीलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या खाली आला तरी घटक वेगळे करायला लगेच कॉलम भरू नकोस. आधी एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) कॅम्प्टोथेसिनचं ३४९ वस्तुमानाचं शिखर बघ. सगळी करामत त्याचीच असेल तर अर्काचे ते भाग (अंश) बाजूला ठेव, उरलेल्यांत शोध.

पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून मागव. शेजारच्या लॅबमधून उसन्या आणल्यास तर मायकोप्लाझ्मा हा पेशींत लपणारा जिवाणू फुकटात येतो, आणि तोही एमटीटीला जांभळं करतो.