शीर्षक लिहूनही ‘शीर्षक लिहा’!

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत हौशी मंडळी दरवर्षी संगीत नाटक करतात. त्याचं शूटिंग मी मंडळाच्या वेबसाइटवर चढवतो. सर्व्हर भाड्याचा, उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार); त्यावर एन्जिनएक्स (ब्राउझरकडून आलेलं आधी घेणारा वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (साइटचा पीएचपी कोड चालवणारा). यंदाची फाइल 640 एमबीची. आधी ‘413’ (पाठवलेलं फार मोठं आहे) यायचं. एन्जिनएक्सची आणि पीएचपीतली फाइलची मर्यादा 700 केली, तेव्हा ते थांबलं. आता फाइल पूर्ण जाते, पण फॉर्म परत येऊन म्हणतो, ‘शीर्षक लिहा’. मी तर लिहिलेलं असतं!
— एक वाचक, फोंडा

उत्तर : शीर्षक गायब होतंय हे कळवलंत, फार बरं केलंत. सगळं निदान त्यातच आहे. नुसती फाइल मोठी ठरली असती तर पीएचपीने ती नाकारली असती, पण शीर्षक पोचलं असतं. इथे दोन्ही नाहीत. म्हणजे फॉर्म अख्खाच ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’च्या, म्हणजे फाइल धरून पूर्ण फॉर्मवर पीएचपीने घातलेल्या मर्यादेच्या, वर गेला आणि पीएचपीने सगळंच टाकून दिलं. तुम्ही ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ (एका फाइलची मर्यादा) वाढवलीत, पोस्टची ओळ राहिली. ती मुळात 8 एमबी असते. लॉगमध्ये (सर्व्हरवरच्या चुकांच्या नोंदीत) 8388608 हा आकडा, म्हणजे 8 एमबीचेच बाइट, शोधा. सापडला की शंका उरत नाही. पोस्टची मर्यादा 720 करा, एन्जिनएक्सचीही तेवढीच.

पण बदल कुठल्या फाइलीत करताय? उबुंटूवर टर्मिनलच्या (कमांड लिहायच्या खिडकीतल्या) पीएचपीची ‘पीएचपी.आयएनआय’ ही सेटिंगची फाइल वेगळी, एफपीएमची वेगळी. पणजीत एका वाचनालयाच्या जुन्या अंकांचे स्कॅन चढवताना माझी पूर्ण संध्याकाळ यात गेली. टर्मिनल नवा आकडा दाखवत होतं, साइट जुन्यावरच अडून होती. तेव्हापासून मी पीएचपीची सगळी सेटिंग दाखवणारं ‘पीएचपीइन्फो’चं पान ब्राउझरमध्येच उघडतो, कुठली फाइल वाचली जातेय ती ओळ बघतो, आणि पान लगेच काढून टाकतो, ते उघडं ठेवणं धोक्याचं. त्यानंतर एफपीएम रीस्टार्ट करायला विसरू नका.

डिस्कही बघा. एन्जिनएक्स आधी सगळं आपल्याकडे उतरवून घेतो, मग पीएचपी आपली प्रत करतो, म्हणजे 640 एमबीला तात्पुरती 1.3 जीबीच्या आसपास जागा लागते.

पावसात लाइन तुटून 90 टक्क्यांवरून पुन्हा शून्यावर येत असाल, तर फॉर्मचा नाद सोडा आणि एसएसएचवरून (सर्व्हरशी थेट, सुरक्षित जोडणीवरून) ‘आरसिंक’ हा फाइली पाठवायचा प्रोग्राम वापरा. ‘पार्शल’ पर्याय दिला की अर्धवट राहिलेली फाइल वाया जात नाही. आणि सर्व्हरवरचं नाटक नांदीपासून शेवटपर्यंत चालवून बघेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.