हेडलाइट लावला आणि अख्खी कारच पेटली

प्रश्न: माझा एचओ स्केलचा (१:८७) मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे, स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर आठ-दहा गाड्या उभ्या केल्यात. एका कारला दिवे बसवायला घेतले, पहिले दोन एलईडी १२ व्होल्टच्या अडॅप्टरला जोडल्या जोडल्या उडाले, तिसऱ्याला ४७० ओहमचा रेझिस्टर लावला तर तो लागला पण सगळं प्लास्टिकच आतून चमकायला लागलं, हेडलाइट कुठला आणि बोनेट कुठलं कळेना. काय चुकतंय?

उत्तर: पहिले दोन गेले कारण पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट पुरतात आणि तुम्ही मध्ये काहीच न लावता थेट १२ दिले. तिसऱ्याचं दुखणं वेगळं आहे, ४७० ओहमवर त्यातून जवळजवळ १९ मिलीअँपिअर करंट जातोय, म्हणजे १:८७ च्या कारला तुम्ही सर्चलाइट बसवलाय. २ मिलीअँपिअर भरपूर झाले. पुढचे दोन पांढरे एलईडी सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून घ्या आणि ३.३ किलोओहम लावा, मागचे दोन लाल सीरिजमध्ये घेऊन ४.७. टेबलावर बघताना मंद वाटेल, पण खोलीतला दिवा घालवून बघा, मग पटेल.

आता प्लास्टिक. बॉडीला आतून आधी काळा रंग द्या, दोन हात, त्यावर चंदेरी. आणि रंग वाळला की खिडकीशी उजेडात धरून बघा, चाकाच्या कमानीपाशी आणि बोनेटच्या कडेला हमखास एखादी फट राहते. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात, माझ्या मते मात्र निम्मं यश इथेच आहे.

एलईडी ०६०३ साइझचा घ्या, १.६ बाय ०.८ मिलिमीटर. ०४०२ त्याहून लहान असतो पण सुरुवातीलाच त्याच्या नादी लागू नका. डबल टेपच्या तुकड्यावर एलईडी पालथा चिकटवायचा म्हणजे हलत नाही, वाइंडिंगच्या बारीक तारेच्या टोकाचं एनॅमल ब्लेडने खरवडून त्यावर आधी कथील चढवायचं, मग फ्लक्सचा (कथील नीट धरावं म्हणून लावायच्या पेस्टचा) ठिपका लावून डाग द्यायचा, सोल्डरिंगची इस्त्री एका सेकंदाच्या वर टेकवायची नाही. बॉडीत चिकटवण्याआधी प्रत्येक एलईडी रेझिस्टरसकट लावून बघा, नंतर उकरून काढताना तार तुटतेच.

बोनेटमध्ये जागाच नसेल तर एलईडी सीटखाली ठेवा आणि अर्ध्या मिलिमीटरची फायबर (उजेड वाहून नेणारी प्लास्टिकची दोरी) हेडलाइटच्या भोकातून बाहेर काढा. तिचं टोक तापलेल्या इस्त्रीच्या नुसतं जवळ न्यायचं, टेकवायचं नाही, टोक आपोआप फुगून छोटी भिंगासारखी गोळी होते. ती बाहेरून भोकात बसली की हुबेहूब हेडलाइट, हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तासभर नुसता बघत बसलो होतो!

प्रश्न: याच दिव्यांना रुळांतून वीज घेतली तर?

उत्तर: नको. साध्या डीसी लेआउटवर, म्हणजे रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करून चालवतात तिथे, आगगाडी हळू केली की दिवे मंद, उलट दिशेला नेली की बंद. डीसीसीत, म्हणजे रुळांतून डिजिटल आदेश देऊन इंजिनं चालवतात तिथे, व्होल्टेज कायम असतं पण पोलॅरिटी (प्लस-मायनस) सारखी उलटत असते, मग ती एकाच दिशेची करायला ब्रिज रेक्टिफायर लावा, शिवाय इंजिनांची वीज दिव्यांना वाटा, कशाला? वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर ठेवा, वर सांगितल्याप्रमाणे दहा गाड्यांना मिळून ४० मिलीअँपिअरही लागणार नाहीत.

प्रश्न: रस्त्याखालच्या तारेवर चुंबकाने चालणाऱ्या बसला ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आहे, तिचे दिवे कसे जोडू?

उत्तर: इथे सीरिज चालणार नाही, दोन पांढऱ्यांना ६ व्होल्ट लागतात. प्रत्येक एलईडी वेगळा जोडा आणि प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या, पांढऱ्याला ३३० ओहम, लालला १ किलोओहमच्या आसपास. दोघांत एक रेझिस्टर वाचवायला गेलात तर एक डोळा मोठा, एक बारीक दिसेल. सेल उतरत आला की पांढरे दिवे आधी मंदावतात, तोच बस चार्जिंगला काढायचा इशारा समजा.