नदीचा निकष वेगळा, संमतिपत्रातली अट वेगळी

आपला प्रश्न असा आहे: शहराखालच्या नदीत बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) १८ मिलिग्रॅम प्रति लिटर असल्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच अहवाल सांगतो, मग वरच्या बाजूचे सगळे मैलाशुद्धीकरण प्रकल्प मानकांचे पालन करत असल्याचे उत्तर तेच मंडळ कसे देते? दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात आणि खरी अडचण तिथेच आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या पाण्याचे वापरानुसार ए ते ई असे पाच वर्ग केले आहेत. प्रचलित प्रक्रिया करून पिण्यासाठी घ्यायचे पाणी सी वर्गात मोडते. त्यात पाण्यात विरघळलेला प्राणवायू किमान ४ आणि बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम प्रति लिटर असावा लागतो. स्नानासाठीच्या बी वर्गातही बीओडीची मर्यादा ३ हीच आहे, मात्र प्राणवायू किमान ५ लागतो. हे झाले नदीचे निकष. नदीला मालक नसल्याने ते मोडल्याबद्दल नोटीस कोणाला बजावायची, हे त्यातून ठरत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली कारवाई होते ती सांडपाणी सोडणाऱ्यावर, त्याच्या संमतिपत्रातल्या, म्हणजे मंडळाने सांडपाणी सोडण्यास दिलेल्या परवानगीतल्या, अटींवरून. नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मानकानुसार बीओडी ३० पर्यंत चालतो.

आता साधा हिशेब करा. नदीचे मूळ पाणी बीओडी २ चे आहे आणि त्यात ३० चे सांडपाणी मिसळते, असे धरा. मिश्रण ३ वर राहायला सांडपाण्याच्या २७ पट प्रवाह हवा. पुण्याच्या मुठेसारख्या नदीत, जिथे वरच्या धरणांत पाणी अडवलेले असते, उन्हाळ्यात एवढा प्रवाह कुठून येणार? शिवाय मानक प्रति लिटर असल्यामुळे एकूण किती लिटर सोडले याने नदीचे पुष्कळ बिघडते, पण मानक मोडत नाही. नाल्यांतून थेट येणारा मैला तर यात धरलेलाच नाही, आणि माझ्या मते बहुतेक शहरांत तोच मुख्य दोषी असतो.

मोजमापाच्याही मर्यादा आहेत. महिन्यातून एकदा घेतलेला नमुना हा त्या क्षणाचाच असतो. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या डोहात दुपारी तीन वाजता प्राणवायू भरपूर दिसतो, रात्री शेवाळच तो वापरते आणि पहाटे मासे तडफडतात. दुपारचा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. प्राणवायूची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरून जागेवरच दोन रसायने घालावी लागतात: तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. हे काठावर न करता प्रयोगशाळेत नेऊन केले, तर वाटेतच आकडा बदलतो. बीओडीला पुढे २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवस लागतात, म्हणजे निकाल येईपर्यंत ते पाणी कधीच पुढे गेलेले असते. नदीतल्या या नमुन्यावर खटलाही उभा राहत नाही. त्यासाठी कलम २१ प्रमाणे, सांडपाणी सोडणाऱ्याला सूचना देऊन, त्याच्या निचऱ्याचाच नमुना विहित पद्धतीने घ्यावा लागतो.

तेव्हा माहिती अधिकारात ‘नदी प्रदूषित आहे का’ असे विचारू नका. पालिकेच्या प्रत्येक मैलाशुद्धीकरण प्रकल्पाच्या संमतिपत्राची प्रत, त्यातली बीओडीची अट, दररोज सोडण्यास परवानगी असलेले व प्रत्यक्ष सोडलेले पाणी, आणि शहराच्या वरच्या व खालच्या पाणी-तपासणी केंद्रांचे मार्च ते मे महिन्यांचे आकडे मागा. वरच्या व खालच्या केंद्रांतली तफावत त्या प्रकल्पांच्या निचऱ्याशी ताडून पाहा. जी तफावत त्यातून सुटत नाही, ती नाल्यांच्या खाती जाते.